मुरलीला मैफलीचे आसन मिळवून देणारे पन्नालाल घोष

श्रावण वद्य अष्टमीच्या मध्यरात्री घरोघरी पाळणा हलतो, सुंठवडा वाटला जातो आणि निरांजनाच्या मंद प्रकाशात देव्हाऱ्यातील कृष्णमूर्ती उजळून निघते. रांगत्या बाळकृष्णाच्या मुठीत लोण्याचा गोळा असतो. तोच मोठा होऊन त्रिभंगी उभा राहिला की त्याच्या ओठांशी मुरली येते. शंख आणि सुदर्शन ही त्याच्या पुढील आयुष्यातील आयुधे खरी, परंतु भक्तांच्या अंतःकरणात ठसला आहे तो वेणुधरच. म्हैसूरजवळच्या सोमनाथपूर येथील तेराव्या शतकातील मंदिरात त्याची वेणुगोपाल म्हणून मूर्ती आहे. आमच्या संतांच्या गौळणींत गोपींचे गाऱ्हाणे पुनःपुन्हा या मुरलीविषयीच असते. भरतमुनींनीही नाट्यशास्त्रात वंशवाद्याचा स्वतंत्र विचार केलेला आहे.

असे असूनही, विसाव्या शतकाची पहिली तीन दशके उलटेपर्यंत उत्तर हिंदुस्थानी रागसंगीताच्या मैफलीत देवाच्या या वाद्याला आसन नव्हते, हे वाचून अनेकांना नवल वाटेल. बीन, सरोद, सतार ही दरबारांत मानाने मिरवणारी वाद्ये. बासरी मात्र गुराख्यांची, जत्रेतली, फार तर नाटकातील साथीदारांची. दक्षिणेत कुंभकोणमचे अंध वादक शरभ शास्त्री (१८७२–१९०४) यांनी तिला स्वतंत्र वादनाचा मान मिळवून दिला होता. उत्तरेत मात्र तसा कोणी झाला नव्हता. ज्या वाद्याची पूजा करायची तेच मैफलीच्या उंबरठ्याबाहेर ठेवायचे, अशी ही विपरीत स्थिती होती.

ती पालटली एका बंगाली वादकाने. त्याचे नाव पन्नालाल घोष. आणि यातील विशेष असा की, ज्याने बासरीला एकल वादनाची प्रतिष्ठा दिली त्याचा स्वतःचा चरितार्थ जवळजवळ आयुष्यभर वाद्यवृंदावरच चालला. दहा-वीस वादकांच्या घोळक्यात बसून दुसऱ्याच्या इशाऱ्यावर चार-दोन स्वर वाजवायचे आणि घरी येऊन तोच बांबू हाती धरून एकांतात रागाची आराधना करायची, असे त्यांचे दुहेरी जीवन होते.

पन्नालालांचा जन्म जुलै १९११ मध्ये पूर्व बंगालातील बारिसाल येथे झाला. आज हे गाव बांगलादेशात आहे. त्यांचे मूळ नाव अमलज्योती. पन्नालाल हे पुढे रूढ झालेले. घराण्यात संगीत होते. आजोबा हरिकुमार आणि सतार वाजवणारे वडील अक्षयकुमार यांच्यापासून सूर-तालाचे संस्कार घरातच झाले. धाकटे बंधू निखिल घोष पुढे नामांकित तबलावादक झाले. बारिसालच्या कडेने वाहणाऱ्या नदीचे नाव कीर्तनखोला. कीर्तन हा शब्द नावातच घेऊन वाहणारी नदी दुसरीकडे कोठे असेल असे वाटत नाही. या नदीविषयी आणि पन्नालालांविषयी एक कथा सांगितली जाते. बालवयात नदीच्या पाण्यावर वाहत आलेली एक लांब काठी त्यांच्या हाती लागली. ती अर्धी काठी आणि अर्धी बासरी होती. दुसरी कथा अशी की, अकरा वर्षांच्या या मुलाला वाटेत एक साधू भेटला, त्याने बासरी वाजवतोस का म्हणून विचारले आणि संगीतातच तुझा उद्धार आहे असा आशीर्वाद दिला. या कथांना कागदोपत्री पुरावा शोधू नये. थोरांच्या बालपणी असे काहीतरी घडलेलेच असते, अशी आपल्या समाजाची श्रद्धा आहे, आणि ती श्रद्धाही त्या माणसाविषयीच्या प्रेमाचीच खूण असते.

त्या काळचे बारिसाल राष्ट्रीय चळवळीने भारलेले होते. तरुण पन्नालाल व्यायामशाळेत जात, लाठी फिरवीत आणि मुष्टियुद्धही खेळत. चळवळीतील तरुणांच्या संगतीमुळे पोलिसांची नजर त्यांच्याकडे वळली आणि अखेर त्यांना गाव सोडून कलकत्ता गाठावे लागले. आखाड्यात कमावलेल्या छातीचा आणि बोटांतील ताकदीचा उपयोग पुढे कशासाठी होणार आहे, याची तेव्हा त्यांना कल्पनाही नसेल. लग्न मात्र रिवाजाप्रमाणे फारच लहान वयात झाले होते. पत्नी पारुल ही बारिसालचीच. संगीतकार अनिल विश्वास यांची बहीण. ती स्वतः उत्तम गात असे.

कलकत्त्यात पोटापाण्याची सोय झाली ती चित्रपटांच्या संगीतात. १९३१ मध्ये बोलपट आला आणि प्रत्येक चित्रपटसंस्थेला स्वतःच्या पदरी वादकांचा ताफा बाळगण्याची गरज भासू लागली. न्यू थिएटर्स या विख्यात संस्थेत रायचंद बोराल संगीताची धुरा वाहत होते. त्यांच्या वाद्यवृंदात पन्नालाल बासरी वाजवू लागले. याच संस्थेच्या १९३५ च्या ‘धूप छाँव’ या चित्रपटात पार्श्वगायनाची पद्धत आपल्याकडे प्रथम अवलंबिली गेली, आणि त्या पहिल्या पार्श्वगायिकांत पारुल घोष होत्या. पती वादकांत आणि पत्नी गायिकांत, असा हा संसार नव्या कलेच्या उंबरठ्यावरच उभा होता.

वाद्यवृंदातील बासरीवाल्याचे काम कसे असते, हे थोडे समजून घेतले पाहिजे. गाण्याच्या दोन कडव्यांमध्ये एखादी हलकी लकेर, पहाटेच्या देखाव्याला एखादी तान, विरहिणीच्या ओळीमागे एखादा लांबवलेला स्वर. ते झाले की बासरी मांडीवर ठेवून आपली पाळी येण्याची वाट पाहायची. त्यासाठी लागणारी बासरी वीतभर-दीड वीत लांबीची, चढ्या आवाजाची. ती गोड वाजते, चपळ वाजते. पण विलंबित आलाप तिच्यात मावत नाही. खर्जातील गांभीर्य तिच्या अंगी नसते, आणि दरबारी किंवा मारवा यांसारखे राग खर्जावाचून उभे राहत नाहीत. मैफलीने बासरीला दूर ठेवले यात केवळ तिच्या कुळाविषयीची तुच्छता नव्हती. वाद्याची ही अडचणही खरी होती. पन्नालालांचे मोठेपण हे की, त्यांनी ही अडचण ओळखली आणि रसिकांना दोष देत न बसता ते बांबूकडे वळले.

नळी जितकी लांब तितका तिच्यातला हवेचा स्तंभ मोठा, आणि स्वर तितका खाली, हा साधा नियम. पण बासरी लांब केली की छिद्रे एकमेकांपासून दूर जातात, तीही मोठी करावी लागतात, आणि बोटे तेथवर पोहोचेनाशी होतात. फुंकही अधिक लागते. शिवाय दोन पेरांमधले अंतर इतके लांब, साल पातळ आणि आतून एकसारखा असा बांबू हवा. पन्नालालांनी धातूच्या, निरनिराळ्या लाकडांच्या नळ्या करून पाहिल्या. शेवटी बांबूइतका मानवी कंठाशी जवळीक साधणारा नाद दुसऱ्या कशातही नाही, अशी त्यांची खात्री पटली. देवाने वेळूच का निवडला असेल, याचे उत्तरही कदाचित येथेच असावे. अखेर सिद्ध झाली ती सुमारे बत्तीस इंच लांबीची बासरी. आज आपण मैफलीत जी लांब बासरी पाहतो तिचे मूळ हेच. अतिखर्जाच्या आलापासाठी त्यांनी याहूनही लांब, चाळीस इंचांच्या पुढची एक बासरी वेगळी ठेवली होती.

दुसरी सुधारणा अधिक सूक्ष्म आहे आणि जाणकारांना ती अधिक मोलाची वाटते. सहा छिद्रांच्या बासरीवर सहाही छिद्रे बंद केली की खालचा पंचम निघतो आणि सहाही उघडली की तीव्र मध्यम. म्हणजे सप्तकात जे दोन स्वर एकमेकांच्या शेजारी बसतात, ते बासरीवर दोन टोकांना जाऊन बसलेले. गायक कंठाने तीव्र मध्यमावरून पंचमावर सहज घसरत जातो. बासरीवाल्याला मात्र तेथे दरी ओलांडावी लागे, आणि खर्जाच्या पंचमाखाली तर उतरायलाच वाट नसे. पन्नालालांनी शेवटी सातवे छिद्र पाडले. करंगळीने ते झाकले की पंचमाच्या खालचा तीव्र मध्यम मिळतो, आणि करंगळी हळूच उचलली की त्या दोन स्वरांमध्ये मींड साधते. यमनाचा जीव ज्या स्वरसंगतीत आहे ती बासरीवर प्रथमच अखंड उमटू शकली. एका लहानशा भोकाची ही गोष्ट आहे. परंतु ज्यांना रागाची गोडी कळते त्यांना तिचे महत्त्व निराळे सांगायला नको.

हत्यार घडले तरी विद्या गुरूवाचून येत नाही. कलकत्त्यात त्यांनी अमृतसरचे हार्मोनियमवादक उस्ताद खुशी महंमद यांच्याकडे तालीम घेतली. ते निवर्तल्यावर गायनाचार्य गिरिजाशंकर चक्रवर्ती यांच्याकडे ते शिकले. एक गुरू हार्मोनियमचे आणि दुसरे गळ्याचे. बासरी शिकवणारा गुरू त्यांना कधीच लाभला नाही, कारण तसा कोणी नव्हताच. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ यांच्या गायकीचाही त्यांच्या मनावर खोल ठसा होता. खाँसाहेबांचे बरेचसे आयुष्य मिरजेच्या परिसरात गेले, त्यामुळे त्या संथ, आर्त स्वरलगावाची ओळख महाराष्ट्रातील रसिकांना करून देण्याची आवश्यकता नाही. पन्नालालांची बासरी ऐकताना वाद्य विसरून गाणे ऐकत आहोत असे वाटते, ते या संस्कारामुळे.

१९३८ मध्ये सराईकेला संस्थानच्या छाऊ नृत्यमंडळाबरोबर संगीताची जबाबदारी घेऊन ते युरोपला जाऊन आले. दुसरे महायुद्ध पेटण्यापूर्वीच ते स्वदेशी परतले आणि १९४० मध्ये मुंबईला येऊन स्थायिक झाले.

मुंबईत मेहुणे अनिल विश्वास यांचे नाव तोवर झालेले होते. मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये पन्नालालांना काम मिळाले, आणि १९४२ च्या ‘बसंत’ चित्रपटाने संगीतकार म्हणून त्यांचे नाव सर्वत्र झाले. त्यातील पारुल घोष यांची गाणी लोकांच्या ओठांवर खेळू लागली. पुढच्याच वर्षी अनिल विश्वास यांच्या ‘किस्मत’ मधील गाण्यांनीही पारुलताईंना मोठी लोकप्रियता मिळवून दिली. पैसा येत होता, मान येत होता. दुसरा एखादा त्या प्रवाहात सुखाने वाहत गेला असता.

पन्नालालांच्या मनाला मात्र येथे स्वस्थता नव्हती. चित्रपटाचे गाणे तीन मिनिटांचे, तबकडीच्या एका बाजूवर मावणारे. रागाला तेवढ्या वेळात नुसते दार उघडायचे असते. स्टुडिओचा दिवस कधी संपेल याचा नेम नाही, आणि रियाजाला पहाट हवी. १९४७ पर्यंत ते देशभर ओळखले जाणारे बासरीवादक झाले होते, वयाची छत्तिशी गाठली होती, घरात मुलेबाळे होती. अशा वेळी त्यांनी जे केले ते पाहिले की या माणसाविषयी आदर दुणावतो. त्यांनी मैहरच्या बाबा अल्लाउद्दीन खाँ यांचे शिष्यत्व पत्करले.

बाबांच्या शिस्तीविषयी सर्वांना ठाऊक आहे. मुलगा अली अकबर असो, जावई रविशंकर असो, चुकीला क्षमा नव्हती. मैहरच्या टेकडीवरील शारदामातेचे हे निस्सीम भक्त धर्माने मुसलमान. पण देवीपुढे हात जोडल्यावाचून त्यांचा दिवस जात नसे. साथीच्या रोगात आईबाप गमावलेल्या मुलांना गोळा करून त्यांनी मैहर बँड हा वाद्यवृंद उभा केला होता आणि बंदुकीच्या नळ्या कापून त्यांपासून नलतरंग नावाचे वाद्य घडवले होते. ज्या नळीतून मृत्यू बाहेर पडायचा तिच्यातून स्वर काढणाऱ्या या गुरूकडे बांबूच्या नळीचा उपासक जाऊन बसावा, हा योग मोठा विलक्षण म्हटला पाहिजे. नावलौकिक झालेल्या कलावंताने पुन्हा पहिल्या धड्यापासून आरंभ करायचा म्हणजे स्वतःच्या हाताने आपला मुकुट उतरवून ठेवायचा. कंठी बांधून घेणाऱ्या वारकऱ्याला विचारावे. हे किती कठीण असते ते तोच सांगेल.

याच वृत्तीचा दुसरा धागा त्यांच्या अध्यात्मात दिसतो. रामकृष्ण संघाचे त्या वेळचे अध्यक्ष स्वामी विरजानंद यांच्याकडून त्यांनी मंत्रदीक्षा घेतली होती. जप आणि रियाज या दोन गोष्टी त्यांच्या दिनक्रमात वेगळ्या उरल्या नव्हत्या. बासरीच्या बाबतीत तर हे अक्षरशः खरे आहे, कारण दोन्ही ठिकाणी साधन एकच, श्वास. तो किती आत घ्यायचा, किती वेळ धरायचा, किती संथपणे सोडायचा, यावरच सारे अवलंबून. बत्तीस इंचांच्या नळीत खर्जाचा षड्ज भरायचा तर फुंक जोराची असून चालत नाही. ती भरीव आणि शांत असावी लागते, नाहीतर स्वर उसळून वरच्या सप्तकात जातो. मनातील चंचलता बासरी लगेच उघडी पाडते.

त्यांनी बांधलेल्या रागांची नावे पाहिली तरी मनाचा ओढा कळतो: दीपावली, चंद्रमौली, पुष्पचंद्रिका, नूपुरध्वनी. यमन, श्री, मारवा, दरबारी अशा रागांच्या त्यांच्या वादनाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. श्रीरागासारखा सायंकाळचा कठीण राग, कोमल ऋषभावरून पंचमावर झेप घेणारा, बासरीने पेलावा हेच मुळी पूर्वी कोणाला संभवनीय वाटले नसते. या वादनात चमत्कृती फार कमी आहे. दोन स्वरांमधली मोकळी जागा ते घाईने भरून टाकीत नाहीत. ज्यांना वेगाचीच आवड आहे त्यांनी हे ध्वनिमुद्रण मुद्दाम सायंकाळी दिवेलागणीच्या वेळी ऐकून पाहावे.

चित्रपटाशी संबंध एकदम तुटला असे नाही. १९५१ च्या ‘आंदोलन’ या स्वातंत्र्यलढ्यावरील चित्रपटाचे संगीत त्यांचेच. बारिसालच्या आखाड्यातील त्या तरुणाने स्वतंत्र भारतात दिलेली ही आठवण होती, असे मानायला हरकत नाही. १९५६ च्या ‘बसंत बहार’ मध्ये लता मंगेशकर यांच्या एका गीताभोवती जी बासरी सतत लपेटून वाहते, ती पन्नालालांची. संगीत शंकर-जयकिशन यांचे. तेथे बासरी साथ करीत नाही. गाण्याशी संवाद करते. असंख्य श्रोत्यांनी हे गीत ऐकले असेल, पण त्यांतील कितीजणांना वादकाचे नाव ठाऊक असेल? वाद्यवृंदातील कलावंताच्या कपाळी हे अनामिकपण लिहिलेलेच असते.

त्याच १९५६ साली पन्नालालांच्या आयुष्याने अखेरचे वळण घेतले. पुण्यात जन्मलेले डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर तेव्हा केंद्रात नभोवाणीमंत्री होते आणि आकाशवाणीवर शास्त्रीय संगीताचा पगडा बसावा यासाठी त्यांनी कंबर कसली होती. १९५२ मध्ये दिल्ली केंद्रावर राष्ट्रीय वाद्यवृंद स्थापन झाला होता. त्याच्या हिंदुस्थानी अंगाची सूत्रे आरंभी रविशंकरांकडे होती. ते गेल्यावर त्या जागी पन्नालालांची नियुक्ती झाली. मुंबई सोडून ते दिल्लीला गेले. ज्यांनी उमेदीची वर्षे वृंदातील मागच्या रांगेत काढली, ते आता वृंदासमोर उभे राहिले.

हे काम दिसते तितके सोपे नव्हते. पाश्चात्त्य वाद्यवृंदात प्रत्येक वादकापुढे लिहिलेली स्वरलिपी असते आणि अनेक स्वर एका वेळी परस्परांशी मेळ साधत पुढे जातात. आपला राग मात्र एकाच स्वररेषेवर चालतो आणि त्याचा प्राण उपजेत, म्हणजे कलावंताला त्या क्षणी सुचण्यात आहे. चाळीस वादकांना एकदम उपज सुचू लागली तर गोंधळ होईल, आणि सर्वांनी घोटलेलेच वाजवले तर राग शाळेतील कवायतीसारखा होईल. सतारिये, सरोदिये, सारंगिये हे सारे निरनिराळ्या घराण्यांत वाढलेले; प्रत्येकाचा गंधार थोडा वेगळा. त्यांना एका श्वासात आणायचे, पण कोणाचाच रंग पुसायचा नाही. ‘कलिंगविजय’, ‘ऋतुराज’, ‘हरियाली’, ‘ज्योतिर्मय अमिताभ’ या पन्नालालांच्या वृंदरचनांच्या नावांवरूनच विषय कळतात. एकीकडे वसंत आणि हिरवाई, दुसरीकडे इतिहास आणि करुणा. रासमंडलात गोपी अनेक आणि मुरली एक, तरी प्रत्येकीला वाटे की ती आपल्यासाठीच वाजते आहे. वृंदरचनाकाराला नेमके हेच साधायचे असते. आपल्याकडे वृंदवादनाला आजही दुय्यम समजले जाते. याबाबतीत आपण पन्नालालांवर थोडा अन्यायच केला आहे असे वाटते. त्यांच्या एकल वादनाचे गोडवे गाताना या चार वर्षांच्या परिश्रमांचा उल्लेख एका ओळीत उरकला जातो.

चारच वर्षे. २० एप्रिल १९६० रोजी दिल्लीत हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे देहावसान झाले. वयाची एकोणपन्नास वर्षेही पुरी झालेली नव्हती. फुंकीचा धनी श्वासानेच हरवला.

पुढे १९६३ मध्ये अनिल विश्वास मुंबईचे चित्रपटविश्व सोडून दिल्लीला गेले आणि त्याच राष्ट्रीय वाद्यवृंदाचे संचालक झाले. बारिसालच्या एकाच घरोब्यातील दोघांनी हे पद भूषवावे, असा योग जुळून आला. पारुलताई १९७७ मध्ये निवर्तल्या. निखिल घोष यांनी मुंबईत संगीत महाभारती ही संस्था उभारली आणि १९९० मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. पन्नालालांची विद्या त्यांच्या शिष्यांनी पुढे नेली. त्यांतील देवेंद्र मुर्डेश्वर हे तर त्यांचे जामातच. हरिपद चौधुरी, व्ही. जी. कर्नाड, निरंजन हळदीपूर हीही त्या परंपरेतील आदराने घेतली जाणारी नावे. सात छिद्रांची बासरी आणि करंगळीची ती मींड मुंबईत टिकून राहिली ती याच मंडळींमुळे. इतर बहुतेक वादकांनी, हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह, लांब बासरी स्वीकारली पण छिद्रे सहाच ठेवली आणि आपापल्या मार्गाने त्या दरीवर पूल बांधले. बांबूची लांबी मात्र त्यानंतर कोणी कमी केली नाही.